मशीन घेत नाही

सुलतानाच्या घरी मिठाच्या बरणीत चमचा नसतो. सुना आल्या तेव्हा दोघींनीही हौसेनं एकेक छोटा चमचा ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवशी तो घासायच्या भांड्यांत पडलेला दिसे. "मीठ बोटानं घ्यायचं आणि जिभेनं पाहायचं," एवढंच सुलताना म्हणे. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. सुनांनी आपसांत ठरवून टाकलं की सासूबाईंचा हा एक हट्ट आहे, आणि हट्ट म्हटलं की कारण विचारायचं नसतं.

कारण होतं. ते एकोणनव्वद सालातलं होतं.

त्या वेळी पौडच्या बाजारपेठेच्या मागं एका संस्थेचं आरोग्य केंद्र होतं. चार खोल्या, पुढं पडवी, पडवीत बाकं. पेठेतल्या नबीलाल मणेराची, म्हणजे बांगडीवाल्या नबीलालची थोरली लेक सुलताना तिथं टायपिस्ट म्हणून लागली होती. मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली तालुक्यातली ती दुसरी मुलगी. पहिलीचं लग्न होऊन ती सातारला गेली, म्हणून नोकरी सुलतानाला मिळाली, असं तिची आई कमरबी सगळ्यांना हसत सांगायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात केंद्राला कुणीतरी देणगीत कॉम्प्युटर दिला. लाकडी खोक्यातून आला, गवताच्या पेंढ्यात बाळंतिणीसारखा गुंडाळलेला. त्याच्यासाठी कोपऱ्यातली खोली चुन्यानं रंगवली, खिडकीला जाड पडदा शिवला, आणि दारावर पाटी लागली : 'चपला बाहेर काढाव्यात.' पेठेतली माणसं देवदर्शनाला यावीत तशी चपला काढून आत यायची, लांबूनच बघायची. नबीलालही आले. टोपी सारखी करून बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे सगळं खरं, पण ह्याच्यातला माणूस बसतो कुठं?"

"माणूस बाहेर बसतो, अब्बा. मी बसते."

"मग ठीक आहे," नबीलाल म्हणाले. "चुकलं तर विचारायला कुणीतरी असावं."

हे वाक्य पुढं सुलतानाला किती वेळा आठवलं, त्याला गणती नाही.

कॉम्प्युटरवर चालवायचा प्रोग्रॅम वाल्मीकनं लिहिला होता. वाल्मीक घोटावड्याच्या गेणबाचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर होऊन एका कंपनीत लागलेला. दर रविवारी लूनावरून यायचा, फुकट काम करायचा आणि वर चहाही नको म्हणायचा. त्यानं पुण्याहून एक कार्ड आणून मशीनमध्ये बसवलं, त्यामुळं पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची. बटणांवर सुलतानानं कागदाचे तुकडे चिकटवून क, ख, ग लिहिलं होतं. मशीनला मोठा रंगीत टीव्ही जोडलेला. त्यावर एकामागून एक चित्रं आणि त्यांखाली दोन-दोन ओळी दिसायच्या. शहरात त्याला स्लाइड म्हणत. वाल्मीक म्हणाला, आपण पाटी म्हणू. पहिली पाटी, दुसरी पाटी. कळ दाबली की पुढची.

बाजाराच्या दिवशी गावोगावच्या बाया पौडला यायच्या. बाजार आटोपला की त्यांना केंद्रात बसवायचं आणि पाट्या दाखवायच्या, असा बेत होता. पहिला विषय ठरला लेकरांच्या जुलाबाचा. पावसाळ्यात मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर दरसाल लेकरं जायची ती बहुतेक त्यानंच. मीठ, साखर, पाणी घरच्या घरी कालवून पाजलं तर लेकरू तगतं, एवढं बायांच्या मनावर ठसवायचं होतं.

पाट्या तयार करायचं काम सुलतानाचं. चित्र ठिपक्याठिपक्यांनी काढायचं, खाली मजकूर भरायचा, आणि आकड्यांसाठी वेगळ्या चौकटी होत्या त्यांत आकडे घालायचे. पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. पाटीच्या क्रमांकाच्या चौकटीत तिनं ५ लिहायच्या ऐवजी अक्षरात 'पाच' लिहिलं आणि कळ दाबली. पडदा काळा झाला. चौदा पाट्या, तीन दिवसांचं काम, सगळं गेलं. सुलताना तिथंच खुर्चीत बसून मुसमुसली.

रविवारी वाल्मीक आला तेव्हा तो तिच्यापेक्षा जास्त ओशाळला. "तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "माणूस चुकीचं भरणारच. ते ओळखणं मशीनचं काम. ते मी शिकवलं नव्हतं त्याला."

त्यानं दिवसभर बसून ते शिकवलं. मग आकड्याच्या चौकटीत अक्षर घातलं की मशीन 'टूं' करून वाजायचं, खाली लाल पट्टी यायची : 'चुकीची नोंद. फक्त आकडा भरा.' आणि बाकीचं काम जागच्या जागी सुखरूप राहायचं.

"आता आंधळ्यानं बोटं फिरवली तरी पडणार नाही," वाल्मीक खुशीत म्हणाला. "आणि हे बघ. आकड्यात न मावणारं काही सांगायचं असलं, तर ही कळ. शेऱ्याची कोरी पाटी उघडते. तीत काहीही लिही. फक्त ती मधे घातली की पुढच्या सगळ्या पाट्यांचे क्रमांक हातानं बदलावे लागतील आणि चित्रं पुन्हा जोडावी लागतील. तेवढं अजून मला जमलं नाही."

सुलतानानं मान डोलावली. तिनं ती कळ पाहिली होती, हे इथं सांगून ठेवलेलं बरं.

केंद्रात दुसरी महत्त्वाची बाई म्हणजे चंद्राबाई. कासार आंबोलीची सुईण. साठीला आलेली, कमरेत किंचित वाकलेली, पण आवाज खणखणीत. अर्ध्या तालुक्याची नाळ तिनं कापली होती, सुलतानाचीसुद्धा. संस्थेनं तिला खांद्याला लावायची पिशवी दिली होती, तीवर लाल अक्षरांत संस्थेचं नाव. लिहिता-वाचता येत नव्हतं तरी ती पिशवी चंद्राबाई अशी मिरवायची की पाटलीण पाटल्या मिरवणार नाही.

पाट्या पहिल्यांदा दाखवायच्या आदल्या दिवशी ती दुपारी खोलीत आली. जिल्ह्याचे साहेब येणार होते, त्यामुळं सगळीकडं धांदल. सुलताना मिठाच्या पाटीशी बसली होती. तिनं चित्र मोठं झोकात काढलं होतं. डावीकडं तांब्या, उजवीकडं चमचा, चमच्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा ढीग. खाली 'मीठ' आणि पुढं चौकट.

"किती लिवलंस?" चंद्राबाईनं विचारलं.

"एक चमचा."

"अगं, चमच्याचं काय खरं हाय? कुणाचा केवढा, कुणाचा केवढा. मीठ कालवायचं आन् जिभंवर घेऊन बघायचं. आपल्या डोळ्यातलं आसू किती खारट असतंय? त्याच्या म्होरं जायचं न्हाई. आसवाइतकं खारट. ह्ये लिव."

सुलतानाला गंमत वाटली. तिनं चौकटीत 'आसवाइतकं' असं लिहिलं आणि कळ दाबली. टूं. लाल पट्टी.

"ह्ये सासूवानी टोकतंय की गं!"

"मशीन घेत नाही, मावशी. त्याला आसू कळत नाही. आकडा पाहिजे."

"आसू न्हाई कळत?" चंद्राबाईनं टीव्हीकडं डोळे बारीक करून पाहिलं. "मग लेकराचं दुखणं कसं कळायचं त्याला? दुसरीकडं कुटं लिव की. खाली लिव, वर लिव."

सुलतानाची नजर त्या शेऱ्याच्या कळीवर गेली. मिठाची पाटी सहावी होती. मधे एक पाटी घातली तर पुढच्या आठ पाट्यांचे क्रमांक बदलायचे, चित्रं पुन्हा जोडायची. बाहेर केंद्राच्या डॉक्टरबाई पडवी धुवून घेत होत्या. सुलतानाचा नवा सलवार-कुडता शिंप्याकडं तयार होता आणि तो पाच वाजायच्या आत आणायचा होता. साहेबांपुढं उभं राहून सगळ्या पाट्या तीच वाचणार होती.

"कुठंच घेत नाही, मावशी," ती म्हणाली.

चंद्राबाईनं मान हलवली. मशीनचं मशीनवालीला ठाऊक, असा तिचा सरळ हिशेब. सुलतानानं चौकटीत १ लिहिला. मशीन वाजलं नाही. ते मुकाट्यानं पुढच्या पाटीवर गेलं.

दुसऱ्या दिवशी खोली गच्च भरली. साहेब पुढं खुर्चीवर, खाली सतरंजीवर तीस-चाळीस बाया, बाजाराच्या पिशव्या मांडीवर. सुलतानानं एकेक पाटी दाखवली आणि मोठ्यानं वाचली, कारण बायांमध्ये वाचता येणाऱ्या चार-दोनच. मिठाची पाटी आली तशी मागं उभी असलेली चंद्राबाई पुढं सरकली. "बायांनो, ह्यात आनखी एक हाय..."

"मावशी," सुलताना दबक्या आवाजात म्हणाली, "साहेब आहेत. मशीनमधे नाही ते मधेच नको."

चंद्राबाई तोंडाला पदर लावून मागं गेली.

पुढच्या रांगेत ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीची रंभाबाई बसली होती, आणि शेजारी तिची सून साळू. साळूच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू, कपाळाला काळी तीट, आज्याच्या नावावरून कुशाबा म्हणायचे. कार्यक्रम संपला, बाया उठायला लागल्या, तेव्हा साळू लाजत लाजत टेबलाशी आली.

"ताई, त्यो चमचा आनखी एकदा दावता का?"

सुलतानाला केवढा अभिमान वाटला! तिनं मागची कळ दाबून पाटी पुन्हा आणली. साळूनं ती नीट पाहून घेतली. तांब्या केवढा, चमचा केवढा, सगळं मनात भरून घेतलं आणि गेली. साहेबांनी सुलतानाची पाठ थोपटली.

श्रावणात एका सकाळी दुधाची जीप केंद्रासमोर थांबली. डोंगर धुक्यात गेले होते, पडवीवरून पागोळ्या गळत होत्या. जीपमधून रंभाबाई उतरली, मागं साळू, आणि साळूच्या ओच्यात घोंगडीत गुंडाळलेलं पोर. पोराचे हातपाय ताठ होऊन थरथरत होते. डोळे वर गेलेले.

डॉक्टरबाईंनी झटकन घेतलं, तपासलं. "काय दिलंत याला?"

"तुमी दावलं तेच," साळू म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, धडा पाठ असलेल्या मुलीसारखा. तिनं बोचकं सोडलं आणि आपण काही चुकलो नाही हे दाखवायला बरोबर आणलेला तांब्या टेबलावर ठेवला. त्यात तळाशी पाणी होतं. मग तिनं चमचा काढून शेजारी ठेवला.

तो तिच्या रुखवतातला होता. घरातला एकुलता एक चमचा. आमटी वाढायचा, डावाएवढा, लांब दांडीचा. तांब्याशेजारी उभा धरला तर उंचीला बरोब्बर तांब्याएवढा, जसा पाटीवर होता तसा. सुलतानानं ठिपक्याठिपक्यांनी काढला होता तसा.

"एक चमचा मीठ," साळू म्हणाली. "शीग लावून. पाटीवर शीग व्हती."

चंद्राबाई पुढं झाली. तांब्यात बोट बुडवून तिनं जिभेला लावलं आणि लगेच बाजूला थुंकली. "आई गं! समिंदर हाय ह्यो."

डॉक्टरबाईंनी जीप तशीच पुण्याला पिटाळली, स्वतः पोराला घेऊन बसल्या. साळू त्यांच्याबरोबर गेली. जीपमध्ये जागा उरली नाही म्हणून रंभाबाई पडवीतच राहिली. जीप वळणाआड गेल्यावर ती चंद्राबाईकडं वळली.

"चंद्रे, माझी तीन बाळंतपणं तुझ्या हातानं झाली. आन् तू ह्ये शिकवलंस व्हय? येवढं मीठ म्हशीला तरी घालत्यात का गं?"

"पाटीवर..." कुणीतरी म्हणालं.

"पाटीचं काय घेऊन बसलाय! मशीन कवा चुकतंय व्हय? सांगनाऱ्यानं त्याला जे सांगितलं त्येच त्ये बोलनार. आन् मीठपान्याचं सांगनारी हितं हीच न्हवं का?"

चंद्राबाईनं एकदा सुलतानाकडं पाहिलं. फक्त एकदा. मग खाली बसली आणि पिशवीचा बंद उगाचच बोटाला गुंडाळत राहिली. सुलताना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या तोंडाशी शब्द आले होते. पण बाहेर काही पडलं नाही.

पोर अकरा दिवस पुण्याच्या हॉस्पिटलात होतं. जगलं.

पण गावाला जीभ फुटली होती. कासार आंबोलीत एक बाळंतपण आलं, ते चंद्राबाईला डावलून दुसऱ्या बाईनं केलं. तिच्या घराला घर लागून असलेल्या बायांनी दुसरी वाट धरली. पाणवठ्यावर ती गेली की बोलणं थांबायचं. "खारी सुईण," असं पोरं मागून ओरडली, तेही तिनं ऐकलं.

घरी कमरबी जेवताना म्हणाली, "चंद्राबाईला कळलं कसं नाही? तुझ्या वेळी मी तीन दिवस अडले होते. तिनं मला एकटं सोडलं नाही. जीभ लावून पाहिल्याशिवाय पाण्याचा घोट देत नव्हती. तिच्या हातून असं व्हावं?"

सुलतानानं हातातला घास ताटात ठेवला. "म्हातारी झाली," ती म्हणाली. म्हणाली आणि तिला आपल्याच आवाजाची शिसारी आली.

डॉक्टरबाईंनी तिला बोलावून विचारलं, "चंद्राबाई चाखून बघायचं सांगते, मी ऐकलंय. पाटीवर ते का आलं नाही?"

"मशीन घेत नव्हतं, बाई."

दुसऱ्यांदा म्हणायला पहिल्यापेक्षा सोपं गेलं. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

डॉक्टरबाईंनी वाल्मीकला चिठ्ठी पाठवली. रविवारी तो भिजत आला, लूना पडवीत टेकवली आणि कपडे न पुसताच मशीनसमोर बसला. मिठाची पाटी काढली. चौकटीत अक्षरं घातली. टूं. मग त्यानं शेऱ्याची कळ दाबली. कोरी पाटी उघडली. वरच्या कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकत होती, लिहा म्हणून.

सुलताना त्याच्या मागं उभी होती.

"मी तुला दाखवलं होतं," तो मागं न वळता म्हणाला.

"हो."

"मला रात्रभर वाटत होतं, माझंच काहीतरी राहिलं. चूक ओळखायला शिकवलं आणि खरं घ्यायला शिकवायचं विसरलो, असं." त्यानं हातरुमालानं चष्मा पुसला. "डॉक्टरबाई विचारतील. मी काय सांगू?"

सुलताना टेबलाची कड बोटानं पुसत राहिली.

"येत्या बाजाराला डॉक्टरबाई चंद्राबाईंची पिशवी परत घेणार आहेत. संस्थेनं लिहून कळवलंय." तो उठला. "मी आज काही सांगत नाही. मला मशीनचं विचारलं तर मशीन बरोबर आहे एवढं सांगेन. माणसाचं माणसानं सांगावं."

तो गेला. सुलताना खुर्चीत बसली. कोऱ्या पाटीवर रेघ लुकलुकत होती. अब्बांचं बोलणं तिला आठवलं. चुकलं तर विचारायला कुणीतरी असावं. सगळे तिलाच विचारत होते, आणि ती मशीनकडं बोट दाखवत होती.

तिनं लिहायला घेतलं. आधी मिठाच्या पाटीवरचा चमचा पुसला आणि नवा काढला, तांब्यापुढं जेमतेम नखाएवढा. मग शेऱ्याची पाटी भरली. मग सातवीची आठवी, आठवीची नववी असं करत आठही पाट्यांचे क्रमांक बदलले, चित्रं जोडली. सगळं संपवून तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अडीच तास लागले होते.

अडीच तास. सलवार-कुडता शिंप्याकडून दुसऱ्या दिवशी सकाळीही आणता आला असता.

बाजाराच्या दिवशी खोलीत पहिल्यापेक्षा जास्त गर्दी. काही पाट्या बघायला आल्या होत्या, बऱ्याच जणी चंद्राबाईची पिशवी कशी काढून घेतात ते बघायला. चंद्राबाई भिंतीशी बसली होती. पिशवी तिनं आधीच काढून, घडी करून पुढ्यात ठेवली होती. पुढच्या रांगेत रंभाबाई, शेजारी साळू. साळूच्या मांडीवर कुशाबा, मान थोडी सैल, डोळे टीव्हीच्या उजेडाकडं.

सुलताना पाट्या वाचत गेली. सहावी झाली. सातवी आली. शेऱ्याची. चित्र नाही, नुसती अक्षरं. तिनं ठरवलं होतं की ती पाटी तेवढी वाचायची नाही. लिहिलेलं आहे, डॉक्टरबाई वाचतील, वाल्मीक वाचेल. मागं उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंनी वाचलं. त्यांचा हात तोंडाकडं गेलेला सुलतानाला दिसला. बायका मात्र त्या अक्षरांकडं पावसाकडं बघावं तसं बघत होत्या. सुलतानानं पुढची कळ दाबायला बोट उचललं.

"आगं वाच की," रंभाबाई म्हणाली. "ह्ये काय लिवलंय? समदं वाचतीस आन् ह्येच का गाळतीस?"

सुलतानाचं बोट कळीवर थांबलं. मग तिनं हात खाली घेतला.

"मीठ चाखून पाहा," तिनं वाचायला सुरुवात केली. "डोळ्यातल्या आसवापेक्षा खारट नको. खारट लागलं तर ओतून द्या, नव्यानं करा." ती थांबली. पुढच्या ओळी तिला पाठ होत्या, तरी तिनं पडद्यावर बघतच वाचलं, कारण समोर बघवत नव्हतं. "हे चंद्राबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मशीन घेत होतं. मी घातलं नाही. मोठा चमचाही मीच काढला. सुलताना नबीलाल मणेर."

कुठल्यातरी पिशवीतली कोंबडी फडफडली.

रंभाबाईनं विचारलं, "आन् त्या दिशी? म्या हिला भरल्या पडवीत बोल लावला. तवा तू दारात हुबी व्हतीस. तवा गं का न्हाई बोललीस?"

सुलतानानं पडद्यावरच्या आपल्याच नावाकडं पाहिलं.

साळूनं पोराला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं आठवल्यासारखी म्हणाली, "ताई, त्यो चमचा तुमी मला दोनदा दावला व्हता."

हे एक वाक्य सुलतानानं जन्मभर सांभाळलं. कुशाबा सव्वादोन वर्षांचा झाला तेव्हा चालायला लागला. त्याच्या बरोबरीची पोरं तोवर बांधावरून धावत होती. झटक्यांमुळं की आधीच्या दुखण्यामुळं, डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही. पुढं तो चांगला धट्टाकट्टा झाला, घाटात धाबा टाकला, सुलतानाच्या मोठ्या मुलाच्या लग्नात पंगतीला वाढायलासुद्धा आला. तो समोरून चालत आला की ती अजून त्याच्या पायांकडं बघते. पाऊल नीट पडतंय ना, ते.

पण त्या दिवशी खोलीत रंभाबाई उठली आणि भिंतीपाशी गेली. तिनं खाली वाकून पिशवी उचलली, घडी मोडली आणि चंद्राबाईच्या खांद्याला अडकवली. सुलतानाकडं तिनं वळूनही पाहिलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कितीतरी वर्षं नाही.

चंद्राबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. सरळ टेबलाशी आली. डॉक्टरबाईंना म्हणाली, "पानी मागवा. साखर, मीठ मागवा. नुसत्या चित्रानं पोट भरत न्हाई."

तांब्या आला. तिनं सगळ्यांसमोर पाणी मोजलं, साखर घातली, बोटाच्या चिमटीनं मीठ टाकलं, ढवळलं. बायका पुढं सरकल्या. सुलताना मशीनच्या आडोशाला उभी राहून ओढणीनं डोळे पुसत होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत? माझं नाव का नाही घेतलंत?"

"तू घेशील म्हून वाट बघितली," चंद्राबाई म्हणाली. "लई वाट बघाया लावलीस."

तिनं तळव्यावर दोन थेंब पाणी घेतलं आणि सुलतानाच्या तोंडापुढं हात धरला.

"चाख. हितनं म्होरं रोज तूच चाखायचं, मंगच पाट्या. आन् आदी ती आसवं पूस. त्वांड खारट झालं तर चव कशी कळायची तुला?"

सुलतानानं ओढणीनं तोंड कोरडं केलं, नीट, कोपऱ्यांपर्यंत. मग त्या तळव्यावर जीभ टेकवली. चाळीस बायका बघत होत्या.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"आनखी एकदा," चंद्राबाई म्हणाली.